वीरगळ असो वा चौकातला पुतळा: नोंद करताना आधी काय, मग काय

दर आठवड्याला कुणीतरी एक फोटो पाठवतो. देवळाच्या कट्ट्याला टेकवलेला दगड, त्याला शेंदूर फासलेला, आणि खाली ओळ: ‘आमच्या गावातला शिवकालीन मावळ्याचा दगड, माहिती सांगा.’ फोटो भर उन्हात समोरून काढलेला, त्यामुळे कोरीवकाम सपाट झालेले. खालचा हातभर भाग मातीत. गाव कुठले, दगडाचे तोंड कुणीकडे, उंची किती, यातले काहीच नाही. पाठवणाऱ्याची तळमळ खरी असते, पण एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. तोवर तो फोटो ‘मावळ्याचा दगड’ म्हणून ग्रुपाग्रुपांत फिरूनही आलेला असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, बैलहोंगल या पट्ट्यात असे वीरगळ, म्हणजे झुंजीत पडलेल्या माणसाच्या आठवणीचे कोरीव दगड, जागोजागी उभे आहेत, आणि चौकाचौकांत पुतळेही आहेत. दोन्हींची नोंद करण्याची रीत एकच. आधी वस्तू, मग तिच्यावरची अक्षरे, मग माणसांनी सांगितलेली गोष्ट, आणि अर्थ सगळ्यात शेवटी. बहुतेकांचे चुकते ते याच क्रमात: गोष्ट आधी कानावर पडते आणि मग दगडातही तीच दिसू लागते.

## १. निघण्यापूर्वी

एका दिवशी एकच गाव घ्या. तीन गावे उरकली की एकाचीही नोंद धड होत नाही.

पिशवीत काय हवे: जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल (दमट हवेत पेनाची शाई पसरते), पाच मीटरची टेप, सहा इंची फूटपट्टी, दोन टॉर्च, कोरा मऊ रंगाचा ब्रश आणि हातभर आरसा. फोनमध्ये त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण खानापूरच्या जंगलपट्टीत रेंज मिळत नाही. रेंज नसली तरी फोनचे जीपीएस चालते, नकाशा तेवढा आधीपासून असावा लागतो.

तारेचा ब्रश, खडू, पीठ, हळद, ॲसिड, साबण आणि खुरपे यांतले काहीही सोबत घेऊ नका. घरीच राहिले की वापरायचा मोह होत नाही.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले निवडा. पावसाळ्यात दगडावर शेवाळ चढते आणि भोवती गवत माजते. गावाच्या नावाची दोन्ही रूपे वहीत आधीच लिहून घ्या: मराठीत चालते ते आणि कन्नडात चालते ते. बेळगावचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. निपाणीला निप्पाणी म्हणणारे आहेत, हलशीला हलसी लिहिणारे आहेत. एकच रूप लिहिलेत तर पुढचा माणूस दुसऱ्या रूपाने शोधत बसतो आणि एकाच दगडाच्या दोन नोंदी होतात.

सावधान: जागा भीमगड अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. बेळगावच्या किल्ल्यात आणि कॅम्प भागात लष्कराचा वावर आहे. तिथे फोन काढण्याआधी पहारेकऱ्याला विचारा.

## २. गावात पोचल्यावर लगेच दगडाकडे जाऊ नका

आधी देवळात जा, पुजाऱ्याला भेटा, कट्ट्यावर बसलेल्या चार वडीलधाऱ्यांना नमस्कार करा. ‘काय हुडकायलास रे?’ असा प्रश्न येणारच. सरळ सांगा की दगडाची मापे आणि फोटो घ्यायला आलोय, काही हलवणार नाही, नेणार नाही. आपल्याकडे ‘गुप्तधन’ हा शब्द फार लवकर पसरतो. रात्री टॉर्च घेऊन दगडाशी बसलेला अनोळखी माणूस पाहिला तर लोक संशय घेतील, आणि तो त्यांचा दोष नाही. संध्याकाळी टॉर्च लावून फोटो घ्यायचे असतील तर गावातला एक माणूस बरोबर हवाच.

वीरगळाची पूजा चालत असेल तर चप्पल बाहेर काढा. हात लावण्याआधी विचारा.

या भेटीत दगडाची गोष्ट विचारू नका. कुणी आपणहून सांगू लागलेच तर ‘बघून येतो, मग निवांत बसू’ म्हणा. हे जमायला मला बरीच वर्षे लागली, पण नोंदीतला निम्मा दोष एवढ्याने टळतो.

## ३. जागा, दिशा, मापे

दगड मुळात कुठे होता आणि आता कुठे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवळाचा जीर्णोद्धार झाला, रस्ता रुंद झाला की दगड सरकतात. म्हणून आजची जागा लिहा: देवळाच्या कुठल्या बाजूला, किती पावलांवर, तोंड कुठल्या दिशेला. ‘आधी वेशीपाशी होता’ असे कुणी सांगितले तर ती ओळ वेगळी, सांगणाऱ्याच्या खात्यावर लिहा.

मापे सेंटिमीटरमध्ये घ्या: दिसणारी उंची, रुंदी, जाडी. ‘दिसणारी’ हा शब्द गाळू नका. दगडाचा प्रकारही लिहा. खानापूरकडे जांभा सर्रास दिसतो, पण बारीक कोरीवकाम त्यात टिकत नाही, त्यामुळे कोरलेला दगड बहुधा दुसरा असतो: काळा बेसाल्ट किंवा हिरवट करडा, हाताला गुळगुळीत लागणारा क्लोराइट शिस्ट. पूर्वेला गोकाक-सौंदत्तीकडे वालुकाश्म भेटतो. ओळखता आला नाही तर ‘करडा, बारीक कणांचा’ एवढे लिहा, चालेल.

खालचा भाग मातीत असेल तर उकरू नका. बूड मोकळे झाले की दगड कलतो आणि पहिल्या पावसात आडवा होतो. ‘खाली आणखी भाग गाडलेला असावा’ अशी नोंद करा.

यात मी स्वतः चुकलो आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळामागे मला वीरगळ दिसला. ढाल-तलवारीचा वीर, वर अप्सरा, त्यावर शिवलिंग. मी ‘लढाईत पडलेला वीर’ असे लिहून मोकळा झालो. तिथल्या एका आज्जीने मला सांगितले होते, ‘गायी सोडवताना गेला रे तो.’ दगडावर एकही गाय नव्हती, म्हणून मी ते वहीत उतरवलेच नाही. पुढच्या वर्षी गटारीसाठी खोदाई झाली, दगडाचे बूड उघडे पडले आणि तिथे एका रांगेत चार गायी होत्या. शिंगे वर केलेल्या. शेवटच्या गायीच्या पायांत वासरू, आणि त्याचे तोंड आईच्या पोटाशी.

तपासा: नोंदीत ‘दिसणारी उंची’, ‘तोंड कुठल्या दिशेला’ आणि ‘गाडलेला भाग आहे की नाही’ हे तिन्ही आले का?

## ४. फोटो: उन्हाची वाट पाहा

समोरून पडलेले ऊन कोरीवकाम खाऊन टाकते. ऊन दगडाच्या अंगाला घासून जायला हवे, म्हणजे प्रत्येक रेघेला सावली येते. ती वेळ दगडाच्या तोंडावर ठरते.

पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळी नऊला जाऊन उपयोग नाही. साडेअकरा ते बाराच्या दरम्यान ऊन वरून घासत खाली उतरते, तेव्हा काढा. पश्चिमेकडे तोंड असेल तर दुपारी एकच्या आसपास. दक्षिणाभिमुख दगडाला हिवाळ्यात उगवतीचे किंवा मावळतीचे ऊन सर्वांत चांगले. उत्तरेकडे तोंड असलेल्याला हिवाळ्यात थेट ऊन लागतच नाही. तिथे आरशाने उजेड फेकायचा, नाहीतर अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला जवळजवळ चिकटवून धरायचा आणि फोटो समोरून घ्यायचा. टॉर्च आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून. उजेड एका बाजूने टाकून न दिसलेले अक्षर दुसऱ्या बाजूने हमखास उठते.

क्रम असा ठेवा: भोवतालच्या परिसरासह एक, पूर्ण दगड फूटपट्टीसह एक, दोन्ही कडा, पाठ, मग एकेक पट्टा जवळून. फ्लॅश बंद.

सावधान: अक्षरे ‘उठावीत’ म्हणून खडू फिरवू नका. खडू फिरवणारा आपल्याला वाटते तेच अक्षर गिरवतो, आणि पुढचा प्रत्येक फोटो तीच चूक दाखवतो. पिठाने मुंग्या आणि बुरशी येते. तेलाचा काळा थर खरवडला तर त्याबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो. ऑइलपेंट लावलेला असेल तर तो तसाच राहू द्या. ते काढणे जाणकारांचे काम आहे. सुटी धूळ आणि वाळकी पाने मऊ ब्रशने झटका, बस्स.

## ५. वीरगळ खालून वर वाचा

‘वीरगळ’ हा आपला शब्दच मुळात कन्नड ‘वीरगल्लु’वरून आला. ‘कल्लु’ म्हणजे दगड. मराठी वाचक तो वरून खाली वाचतो आणि गोष्ट उलटी होते. वाचायचा तो खालून.

सर्वांत खाली मरणाचा प्रसंग: झुंज, घोडेस्वार, किंवा गुरे पळवली जात असताना त्यांच्यासाठी झालेली लढाई. मधल्या पट्ट्यात अप्सरा वीराला वर नेतात. त्याच्या वर तो देवापुढे हात जोडून बसलेला: शैव असेल तर शिवलिंग, नंदी, पुजारी. माथ्यावर सूर्य-चंद्र, कधी कलश. सूर्य-चंद्र म्हणजे जोवर ते आहेत तोवर ही कीर्ती राहील. बहुतेक दगडांवर असे तीन पट्टे असतात, काहींवर जास्त.

आता गफलती कुठे होतात ते पाहा. कोपरात दुमडून उभा केलेला हात आणि त्यात बांगड्या असतील तर तो सतीचा दगड, कन्नडात ‘मास्तिकल्लु’. एकाच दगडावर वीरही असतो आणि हातही. तेव्हा दोन्ही लिहा. वर ध्यानस्थ जिनमूर्ती, खाली ठवणीवर (पोथी ठेवायच्या तिवईवर) पोथी आणि तिच्या दोन बाजूंना बसलेली माणसे असतील, झुंज नसेल, तर ती जैन निषिधी आहे: सल्लेखना, म्हणजे मरेपर्यंत उपवासाचे व्रत, घेऊन देह ठेवणाऱ्याची आठवण. आपल्या जिल्ह्यात जैन वस्ती जुनी आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती हे जैन देऊळ १२०४ मधले, रट्ट राजांच्या काळातले. त्यामुळे असे दगड भेटणारच. सूर्य-चंद्र आणि गाय-वासरू आहे पण वीर नाही, तर ते दानाचे शासन, म्हणजे दिलेल्या दानाची नोंद कोरलेला दगड, असू शकते.

आणि ‘शिवकालीन’ हा शिक्का. ढाल-तलवार दिसली की तो मारला जातो. महाराजांवरच्या प्रेमापोटी होते हे, ते प्रेम माझेही आहे. पण आपल्याकडचे कितीतरी वीरगळ कदंब, रट्ट आणि यादवांच्या काळातले आहेत, म्हणजे महाराजांच्या आधी चार-पाचशे वर्षांचे. त्या माणसानेही गावासाठीच जीव दिला. त्याचा काळ काढून दुसऱ्याला चिकटवला तर त्याच्या नावावर काहीच उरत नाही. तारीख नसेल तर काळ लिहू नका.

तपासा: तुमच्या वर्णनात ‘शूर’, ‘महान’, ‘बलिदान’ असे शब्द आलेत का? या टप्प्यात ते नकोत. ‘उजव्या हातात तलवार, डाव्या हातात गोल ढाल, केस मागे बांधलेले’ एवढेच लिहा.

## ६. अक्षरे

दोन पट्ट्यांमधल्या आडव्या जागेकडे नीट पाहा. तिथली ‘नक्षी’ पुष्कळदा लेख असते. लिपी जुनी कन्नड, क्वचित नागरी. आजची कन्नड वाचणाऱ्या मित्राला ती वाचता येईलच असे नाही, त्यामुळे त्याने अंदाजाने सांगितलेले नाव पक्के धरू नका. ओळी किती, प्रत्येक ओळ कुठून कुठवर, कुठे झिजली आहे, हे लिहा आणि वाचन अभिलेखाच्या अभ्यासकांवर सोडा. कागद ओला करून ठसा घेण्याची रीत शिकलेल्याशिवाय कुणी करू नये.

शक वाचता आला तर त्यात ७८ मिळवून इसवी सन येतो. पण तेवढ्यावर थांबू नका. लेखात बहुधा संवत्सराचे नावही असते, त्याच्याशी ताळा घ्या. साठ संवत्सरांचे चक्र आहे: १९८७ हे प्रभव, म्हणून साठ-साठ वर्षे मागे गेल्यास १२०७ हेही प्रभव, आणि १२०४ हे रक्ताक्षी. आता दगडावर शके ११२६ आणि रक्ताक्षी असेल तर ७८ मिळवून १२०४, ताळा जमला. पण शके ११२७ आणि रक्ताक्षी असेल तर? तिथे शक ‘चालू’ (सुरू असलेले) वर्ष म्हणून मोजलेला आहे, ‘गत’ (पूर्ण झालेले) म्हणून नाही. ७७ मिळवायचे, सन तोच. हा एका वर्षाचा फरक लक्षात न आल्याने एकाच लेखाला दोन सन चिकटतात. चैत्राआधीच्या तिथी, म्हणजे पौष, माघ, फाल्गुन, पुढच्या इसवी सनात जातात तेही ध्यानात ठेवा.

## ७. चौकातला पुतळा

इथे उलटी चूक होते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या पुतळ्याची नोंद म्हणून लोक इंग्रजांविरुद्धच्या १८२४ च्या लढ्यावर दोन पाने लिहितात आणि पुतळ्यावर एक ओळ नसते. चन्नम्मांचा जन्म काकतीचा, त्यांनी देह ठेवला तो बैलहोंगलला १८२९ मध्ये. त्यांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांना नंदगडला फाशी दिली १८३१ मध्ये. हे सगळे खरे, पण ती त्या माणसांची गोष्ट झाली. पुतळ्याची गोष्ट वेगळी: तो कुणी उभारला, वर्गणी कशी जमली, शिल्पकार कोण, आधी त्या जागी काय होते, तोंड त्या दिशेलाच का.

क्रम असा. चौथऱ्याला चारी बाजूंनी फेरी मारा. प्रत्येक फलक, प्रत्येक भाषेतला, पूर्ण उतरवून घ्या. कन्नड, मराठी, इंग्रजी मजकूर एकच नसतो. एका भाषेत असलेले नाव दुसऱ्या भाषेत नसणे हीसुद्धा नोंद आहे, त्यावर टिप्पणी करू नका, नुसते लिहा. शिल्पकाराची सही बहुधा मागे, पायाशी, खालच्या कडेला असते.

पायाभरणीची तारीख आणि अनावरणाची तारीख वेगळ्या रकान्यांत लिहा. कोनशिलेवरचे वर्ष पुतळ्याचे वर्ष समजून लिहिणे ही नेहमीची चूक. अनावरणही एकच असेल असे नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण मार्च २०२३ मध्ये दोनदा झाले. कार्यक्रम कुणाचा खरा हे ठरवणे नोंदीचे काम नाही. दोन्ही दिवस लिहायचे.

कशाचा बनला आहे ते ओळखण्यासाठी चढू नका, ठोकू नका. कांस्यावर ऊन-पावसाने हिरवट-तपकिरी थर येतो. फायबरच्या पुतळ्याचा सोनेरी रंग पोपडे धरून निघतो. सिमेंटला केसासारख्या भेगा जातात आणि आतल्या सळीचा गंज तांबूस ओघळ सोडतो. समितीची माणसे सांगतात ती धातूची नावे ‘समितीच्या म्हणण्याप्रमाणे’ अशी लिहा.

‘घोड्याचे दोन पाय वर म्हणजे स्वार रणात पडला, एक वर म्हणजे जखमेने गेला’ हा संदेश कृपा करून नोंदीत घालू नका. असा नियम आपल्याकडच्या शिल्पकारांनी पाळलेला नाही. महाराजांचे निधन १६८० मध्ये रायगडावर आजारपणात झाले, आणि दोन पाय उचललेल्या घोड्यावरचे त्यांचे पुतळे आहेतच.

फोटो छापण्याबाबत बरेच जण विचारतात. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढून प्रसिद्ध करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मोकळीक आहे. दुसऱ्याने काढलेला फोटो उचलायला नाही.

सावधान: पुतळ्यावरून वातावरण तापलेले असेल, बंदोबस्त लागलेला असेल, तर त्या दिवशी परत फिरा.

## ८. आता माणसे

दगड बघून झाला, वही भरली, आता चहा घ्या आणि ऐकायला बसा. एकेकाला वेगळे गाठा. चौघांत बसले की मोठ्या आवाजाचा माणूस सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात. बायकांना आवर्जून विचारा. दगडाला तेल घालणाऱ्या, नैवेद्य ठेवणाऱ्या त्याच असतात.

‘हा मावळा होता ना?’ असे विचारलेत की उत्तर ‘व्हय’ येते. ‘ह्या दगडाला काय म्हणता? कधी पुजता? पहिल्यांदा कुणाकडनं ऐकलं?’ असे विचारा. सांगणारा कन्नडात सांगत असेल तर कन्नडातच रेकॉर्ड करा, आधी परवानगी घेऊन. भाषांतर घरी करता येते. शब्द बदलू नका: तो ‘वीर’ म्हणाला तर वीर, ‘म्हसोबा’ म्हणाला तर म्हसोबा.

दगड आणि गोष्ट यांची सांगड घालताना धारवाडजवळच्या यादवाडचे शिल्प डोळ्यांपुढे ठेवा. त्यात दिसते काय? घोड्यावरचा स्वार, हत्यारबंद माणसे, मांडीवर मूल घेतलेला पुरुष. सांगितले जाते काय? बेळवडीची राणी मल्लम्मा हिने शिवाजी महाराजांच्या औदार्याची आठवण म्हणून ते कोरवले. दोन्ही वाक्ये मोलाची आहेत. पहिल्यात महाराजांचे नाव आधीच घातलेत तर मात्र दुसरे तपासायची सोय उरत नाही.

गोष्ट दगडाशी जुळली नाही म्हणून टाकून देऊ नका. त्या आज्जीकडे मी पुन्हा गेलो तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. गायी सापडल्याचे सांगितले. ‘मी सांगटल्याली की,’ एवढेच म्हणाल्या. त्यांना ही गोष्ट कुणी सांगितली होती, हे विचारायचे तेव्हाही राहिले, आणि नंतर विचारायला त्या राहिल्या नाहीत.

## ९. नोंद लिहिणे आणि पोचवणे

त्याच रात्री लिहा. चार खाने करा आणि एकातले दुसऱ्यात जाऊ देऊ नका: दिसते ते, लिहिलेले आहे ते, सांगितले ते, मला वाटते ते. नमुना असा:

*दिसते:* मारुती देवळाच्या उत्तरेस बारा पावले, तोंड पूर्वेला. करडा दगड, दिसणारी उंची ९४ सेंमी, रुंदी ४६, जाडी १७. खाली भाग गाडलेला. तीन पट्टे, मधला झिजलेला. माथ्यावर सूर्य-चंद्र. शेंदूर.
*लिहिलेले:* पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्यामध्ये दोन ओळी, जुनी कन्नड असावी, न वाचलेल्या.
*सांगितले:* गावातल्या सत्तरीच्या बाई, मराठी: ‘गायी सोडवताना गेला.’ कुणाकडून ऐकले, ते विचारायचे राहिले.
*मला वाटते:* वीरगळ. काळ सांगता येत नाही.

सांगणाऱ्यांची नावे तुमच्या वहीत राहू द्या. बाहेर पाठवताना वय आणि भाषा पुरते.

एक प्रत ग्रामपंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) द्या, मराठी आणि कन्नड दोन्हींत. लेख असलेला किंवा नव्याने उघडा पडलेला दगड असेल तर तहसीलदार आणि राज्य पुरातत्त्व खात्याला कळवा. केंद्राच्या संरक्षित स्मारकाशी संबंधित असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाला. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे २०० मीटर परवानगी लागते, हे देवस्थान समितीला आधीच सांगून ठेवा.

सावधान: दगड ‘सुरक्षित राहावा’ म्हणून घरी किंवा मंडळाच्या कार्यालयात आणू नका. शंभर वर्षांहून जुने शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते.

जीर्णोद्धार ठरला असेल तर काम सुरू होण्याआधी सगळ्या दगडांची यादी करा आणि प्रत्येकाला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा, रंगाने आकडे घालू नका. यादीवर समितीच्या अध्यक्षांची आणि मेस्त्रीची सही घ्या. दगड पायात भरावाला जातात ते कुणाच्या वाईट इच्छेने नाही. मेस्त्रीला कुणी सांगितलेलेच नसते. पाया भरायच्या दिवशी यादी हातात घेऊन तिथे उभे राहा आणि एकेक दगड मोजून घ्या.